थांबवलेल्या गाडीचा वेग

चि. ईरा आणि चि. कबीर,

मागच्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, "आजी, दोन ट्रेन समोरासमोरून येतायत, त्या कधी भेटतील ते काढायचंय, घोळ होतोय. तुला नाही येणार, जाऊ दे." मागून तिच्या आईनं काहीतरी सांगितलं आणि ईरा एकदम गप्प झाली. तुझ्या आजीनं हेच गणित सव्वीस वर्षं शिकवलं, असं तिनं सांगितलं असणार. त्यातली पहिली तीन वर्षं आजीला स्वतःलाच ते नीट कळलं नव्हतं, हे तुमच्या आईला ठाऊक नाही. ते आज सांगते.

आजच, कारण पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. उजव्याच्या वेळी डॉक्टरांनी महिनाभर पेन हातात धरू दिलं नव्हतं. शिवाय इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षं मागे लागले आहेत की नोकरीच्या आठवणी लिहा. मी त्यांना म्हटलं, मी नातवंडांना लिहीन, तुम्हाला छापायचं तर छापा, पण माझी एक वेलांटीही हलवायची नाही. ते कबूल झाले. तेव्हा तुमच्या खांद्यावरून आणखी काही लोक हे वाचतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

मी शिकले हैदराबादला, सगळं इंग्रजीतून. लग्न होऊन सेलूला आले. परभणी जिल्ह्यातलं कापसाच्या बाजाराचं गाव, सरक्या काढणाऱ्या गिरण्या आणि मधोमध रेल्वे. तिथल्या एका शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग नुकतेच जोडले होते आणि भौतिकशास्त्राला माणूस मिळत नव्हता. मी मिळाले. माझं मराठी तेव्हा इतकं पुस्तकी होतं की मुलं म्हणायची, मॅडम छापल्यासारखं बोलतात. मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि अकरावीचं पुस्तक इंग्रजी. मी इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची, मुलं आपल्या बोलीत समजून घ्यायची, आणि या तीन घरांतून जाताना विज्ञानाचं जे व्हायचं ते एका वहीत मी लिहून ठेवायची. चुकांची वही. रकाने आखलेले: तारीख, नाव, चूक, कारण, उपाय. मला नीटनेटकेपणाची खोड आहे, ते तुम्ही माझ्या मसाल्याच्या डब्यावरच्या चिठ्ठ्या पाहून जाणताच.

सापेक्ष वेग म्हणजे काय, ते आधी. तुम्ही चालत्या गाडीत बसला आहात. शेजारून दुसरी गाडी त्याच दिशेनं, त्याच वेगानं चालली आहे. तुम्हाला ती उभी दिसते. समोरून येणारी गाडी मात्र फाडकन निघून जाते. एका हलणाऱ्या वस्तूवरून दुसरीचा दिसणारा वेग, तो सापेक्ष वेग. एवढंच. या एवढ्याशावर पुस्तकवाल्यांनी दोन पानं उदाहरणं दिली होती, आणि ती लिहिणारा माणूस सेलूला कधी उतरला नसावा.

पहिल्याच वर्षी मी फळ्यावर लिहिलं: दोन स्टेशनं एकशेवीस किलोमीटर लांब. एकीकडून ताशी चाळीसनं गाडी सुटते, दुसरीकडून त्याच वेळी ताशी वीसनं. कधी भेटतील? चाळीस आणि वीस साठ, एकशेवीस भागिले साठ, दोन तास. तुम्ही दोघं हे तोंडी कराल. एकेचाळीस मुलांच्या माझ्या वर्गात सदतीस जणांनी तीन तास लिहिलं.

मी विचारलं, तीन कुठून आले? दत्ता नावाचा मुलगा उभा राहिला. त्याचे वडील स्टेशनावर सांधेवाले होते, म्हणजे रुळाचे सांधे बदलून गाडी या रुळावरून त्या रुळावर घेणारे.

"मॅडम, वीसची गाडी पॅसेंजर हाय ना?"

"प्रश्नात तसं दिलेलं नाही."

"वीसनं जायलीय म्हणजे पॅसेंजरच. मग ती थांबती की क्रॉसिंगला. मेल आल्याबिगर तिला सोडत न्हाईत."

"दोन स्वतंत्र रूळ आहेत असं समज."

"कुठं हायत?"

वर्ग हसला. आमच्याकडे तेव्हा एकेरी रूळ होता, अरुंद, मीटरगेज. समोरून गाडी येत असेल तर एकीनं स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं राहायचं, दुसरी निघून गेल्यावर हलायचं. त्या मुलांनी जन्मात दोन चालत्या गाड्या एकमेकींजवळून जाताना पाहिल्या नव्हत्या. एक कायम उभी.

"समज, कोणीच थांबलं नाही," मी म्हटलं.

"मग भेट व्हईल मॅडम. पर उत्तर तासात न्हाई येणार, माणसांत द्यावं लागंल."

मी वहीत लिहिलं: चूक, एक गाडी थांबवली. कारण, स्थानिक. उपाय, सूत्र पाठ करून घेणे. या शेवटच्या रकान्याची आजही लाज वाटते.

बाकीची उदाहरणंही अशीच गेली. नदीतल्या होडीचं गणित दिलं तर येलदरीकडचा एक मुलगा म्हणाला, धरणातून पाणी सोडलंय का बंद हाय ते कळल्याबिगर सुरू कसं करावं? पावसात चालणाऱ्या माणसानं छत्री किती कलती धरावी, याला कौसल्या नावाच्या मुलीनं उत्तर लिहिलं होतं, घोंगडीला कोन नसतो. मी तिला शून्य दिलं. घोंगडीला खरोखरच कोन नसतो.

कौसल्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. आई-वडील कळपामागं फिरायचे, ही मावशीकडं सेलूला राहून शिकायची. वर्गात विज्ञान घेतलेल्या मुली तीन, त्यातली ही सगळ्यांत कमी बोलणारी. वही मात्र अशी नेटकी की मला ती माझीच वाटायची.

ती अकरावीत आली ते अठ्ठ्याहत्तरचं साल. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिल्हा पेटला. वस्त्या जळाल्या, एसटी बंद, आमचे वर्ग तीन आठवडे बंद. पुन्हा भरले तेव्हा काही बाकं रिकामीच राहिली, आणि आलेली मुलं मध्ये एक रांग सोडून दोन बाजूंना बसली. मी सगळ्यांना हजेरीच्या क्रमानं बसवलं. त्या रिकाम्या बाकांवरच्या मुलांच्या घरी जायला हवं होतं, ते मी केलं नाही. हे गमतीत सांगण्यासारखं नाही, म्हणून एवढंच सांगते. गणितापुरतं सांगायचं तर सापेक्ष वेगाचे सहा तास व्हायचे तिथं दोन झाले.

वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला: पुढची गाडी ताशी चोपन्ननं जाते, मागची बहात्तरनं, मध्ये नऊ किलोमीटर अंतर. मागची पुढचीला कधी गाठेल? बहात्तरातून चोपन्न गेले, अठरा. नऊ भागिले अठरा, अर्धा तास. कौसल्यानं साडेसात मिनिटं काढली आणि खाली स्वच्छ अक्षरात टीप दिली: पुढची गाडी बाजूच्या रुळावर घेतली आहे.

पाचपैकी शून्य. एकूण एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. आकडेमोड बिनचूक होती, रीतीचे दोन गुण देता आले असते, आणखी दोन कुठंतरी सापडले असते. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा बाई, चारच कमी आहेत." मी म्हटलं, रजिस्टरमध्ये शाईनं चढले आहेत. मला तेव्हा या वाक्याचा अभिमान होता.

निकालानंतर दोन दिवसांनी तिचे वडील लिंबाजी शाळेत आले. मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, ती त्यांनी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली. मागं कौसल्या.

"बाई, माझं भांडण न्हाई," ते म्हणाले. "पोरगी नापास झाली. पावसाच्या आधी कळप पालमकडं न्यायचाय, हिला संग नेतो. एक सोयरीक बी आलीय."

"जूनमध्ये पुनर्परीक्षा आहे. दोन आठवडे आहेत. पास झाली तर बारावीत बसेल."

"अन् न्हाई झाली तर?"

कौसल्या जमिनीकडे बघत होती.

"हिला जे येत न्हाई," लिंबाजी म्हणाले, "ते हिलाच येत न्हाई का कुणालाच येत न्हाई?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "बहुतेकांना येत नाही."

"मग चूक पोरीची हाय का तुमची?" रागावून नव्हे, मेंढीचा पाय का लंगडतोय असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. "ते काय हाय ते मला दाखवा एकदा. मला पटलं तर ठेवतो दोन आठवडे."

फळ्यावर गाड्या काढून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, तुमच्याकडं एकामागून एक पळणारं काय आहे? ते म्हणाले, मेंढरं हायत, अन् वजीर हाय.

वजीर म्हणजे त्यांचा कुत्रा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच घेऊन दुधना नदीच्या बाजूला गेले. नोंदवहीत रीतसर नोंद केली: देणाऱ्याची सही, मी, घेणाऱ्याची सही, मी. गाडीवाटेनं कळप चालला होता. पुढं लिंबाजींचा भाऊ किसन, मागं लिंबाजी. किसननं शीळ घातली की वजीर मागून पुढं पळायचा, भाकरीचा तुकडा खायचा. लिंबाजींनी घातली की पुढून मागं. मी वाटेकडेच्या दगडावर रुमाल पसरून बसले (कळप पुढं गेला की पुढच्या दगडावर) आणि गणित मांडलं. वजीर पुढं जाताना आणि मागं येताना सारख्याच वेगानं पळतो, असं धरू.

"न्हाई बाई," लिंबाजी चालता चालता म्हणाले. "येताना लय पळतंय. जाताना आळस करतंय."

"मला तर सारखाच दिसतो."

"न्हाई."

"तुम्ही मोठा तुकडा देत असाल."

याचा मात्र त्यांना राग आला. कळप थांबवून त्यांनी भाकरी माझ्या हातात दिली. मी स्वतः सारखे तुकडे केले. कौसल्या तोंड फिरवून हसत होती, तिला मी हसताना पहिल्यांदा पाहिलं. कळप चालू लागला, वजीर पुन्हा पळू लागला. पुस्तकातल्या वस्तू वाटेत थांबत नाहीत. वजीर एकदा बाभळीपाशी थांबला, दोनदा कान खाजवायला बसला, एकदा माझ्या पर्सचा वास घ्यायला आला. तरी दगडावरून मला तो दोन्हीकडं सारखाच पळताना दिसत होता, आणि लिंबाजी दर खेपेला म्हणत होते, "बघा, आलं का न्हाई पळत?"

"लिंबाजी, तुम्ही म्हणता तसं नाहीये."

"तुमी दगडावर बसलाव. मेंढरात या."

मी पदर खोचला आणि मेंढरांत शिरले. त्या चपला नंतर घरात घेता आल्या नाहीत. पहिली पाच मिनिटं मी फक्त कुठं पाय ठेवतेय ते पाहिलं. मग मान वर केली. डाव्या कोपराशी एक काळ्या कानाची मेंढी होती. थोड्या वेळानं पाहिलं, ती तिथंच. पुढची पुढं, मागची मागं. कोणीच कुठं जात नव्हतं. बाभळी तेवढ्या मागं सरकत होत्या. मेंढरं उभी होती, मी उभी होते, आणि आमच्यामधून वजीर पुढं निघाला होता, कष्टानं, जणू त्याला कोणी मागं ओढतंय. किसनपाशी पोचला, तुकडा खाल्ला, शीळ ऐकली आणि बाणासारखा मागं आला.

स्टॉपवॉचवर जाताना तीस सेकंद, येताना अठरा. खरं सांगते, सात खेपांपैकी ही एकच इतकी सरळ आली आणि मी तीच ठेवली.

कबीर, आता कागद घे. कळप नव्वद मीटर लांब. मेंढरं सेकंदाला एक मीटर चालतात, वजीर चार पळतो. पुढं जाताना मेंढरं त्याच्यापुढून निसटतात, म्हणून चारातून एक वजा, तीन. नव्वद भागिले तीन, तीस. मागं येताना मेंढरं त्याच्या अंगावर येतात, म्हणून चार अधिक एक, पाच. नव्वद भागिले पाच, अठरा. दगडावरून तो सारखाच पळतो हे खरं. मेंढरांतून तो येताना जास्त पळतो हेही तितकंच खरं. लिंबाजी आणि मी तासभर भांडलो, आणि दोघंही बरोबर होतो.

कौसल्या माझ्या शेजारी चालत होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मेंढरं थांबली."

"हो."

"क्रॉसिंगला थांबवल्यासारखी."

मी उभी राहिले. मागच्या मेंढीनं मला ढुशी दिली. तीन वर्षं मी ज्याला चूक म्हणून वहीत चढवत होते, ती या गणिताची पहिली पायरी होती. एक वस्तू थांबवायचीच असते. सदतीस मुलांनी ती आपल्या डोक्यानं थांबवली होती, आणि मी त्यांना सूत्र पाठ करायला लावलं होतं.

"थांबवलेल्या मेंढरांचा वेग गेला कुठं?" मी विचारलं.

वजीर एकदा गेला, एकदा आला.

"वजीरवर," ती म्हणाली. "जाताना त्याच्यातून काढला. येताना त्याच्यात घातला." आणि मग, "मी गाडी थांबवली अन् तिचा वेग स्टेशनातच सोडून आले."

मागून लिंबाजी म्हणाले, "आलं का तिला?"

"आलं."

"मग करा की पास."

"परीक्षा द्यावी लागेल."

"लय कडक हाव बाई तुमी," ते म्हणाले, आणि उरलेली भाकरी वजीरला दिली. पण दोन आठवडे दिले.

पुनर्परीक्षेचा पेपर मी काढला नाही. माझा हात ढिला पडेल अशी मलाच भीती होती. गणिताचे जोशी सर भौतिकशास्त्र पदवीपर्यंत शिकलेले, त्यांनी काढला आणि त्यांनीच तपासला. मालमोटार ताशी पंचेचाळीसनं पुढं, मोटार साठनं मागं, अंतर पाच किलोमीटर. उत्तर वीस मिनिटं. कौसल्यानं वीस मिनिटं काढली होती आणि रीत मोडक्या इंग्रजीत लिहिली होती: मालमोटार उभी केली, तिचा वेग रस्त्यात टाकला नाही, मोटारीतून कापून घेतला.

जोशी सर पेपर घेऊन माझ्याकडे आले. "उत्तर बरोबर आहे. पण ही काय भाषा आहे? दोन गुण कापतो."

"तुम्ही इंग्रजी तपासताय की भौतिकशास्त्र?"

"बाई, नियमांवर बोट तुम्हीच ठेवता."

"म्हणूनच विचारते. नियमात भाषेचे गुण कुठं आहेत ते दाखवा."

त्यांनी पाचपैकी पाच दिले आणि आठवडाभर माझ्याशी चहा घेतला नाही. कौसल्याला एकोणचाळीस पडले. ते दोन गुण नसते तरी ती पास झाली असती, पण ते मी जोशी सरांना कधी म्हणू दिलं नाही.

लिंबाजी निकाल विचारायला आले तेव्हा कळप पालमच्या वाटेला लागला होता. सोयरीकवाल्यांना त्यांनी दोन वर्षं थांबा म्हणून कळवलं होतं, आणि ते थांबले नाहीत. कौसल्या मावशीकडंच राहिली. जाताना लिंबाजींनी विचारलं, "वजीर बी झाला का पास?"

मी म्हटलं, "तो पहिला आला."

त्यानंतर दर जुलैत मी अकरावीच्या वर्गाला मैदानावर रांगेनं चालवायची आणि एकाला कुत्रा करायची. मुख्याध्यापकांनी पहिल्या वर्षी खिडकीतून विचारलं, "बाई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, सापेक्ष वेग. त्यांनी खिडकी लावून घेतली. कुत्रा व्हायला मुलांची भांडणं व्हायची, त्यामुळे मला त्यासाठीही हजेरीचा क्रम लावावा लागला. दत्ताला मात्र संधी मिळाली नाही. तो तोवर पास होऊन रेल्वेतच लागला होता. कौसल्या पुढं शिक्षिका झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती तिसरीला शिकवायची, जिथं सापेक्ष वेग नसतो. मी एकदा तिला विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "पोरं रांगेत चालत्यात ना मॅडम, मला दिसतंय."

तेव्हा ईरा, तुझ्या गणितात तू दोन्ही गाड्या हलत ठेवल्यास म्हणून घोळ झाला. एक थांबव. तिचा वेग दुसरीला दे. समोरून येत असेल तर मिळव, मागून येत असेल तर वजा कर. आणि आधी ठरव, तू दगडावर आहेस की मेंढरांत.

ती अरुंद रूळवाट आता नाही. तिच्या जागी रुंद रूळ आले, आणि परवा दत्ता फोनवर म्हणाला, "आता दुसरा रूळ बी टाकणार म्हणतेत मॅडम, तुमचं गणित बरोबर व्हायला लागलंय." लिंबाजी गेले, जोशी सर गेले. स्टॉपवॉच मी निवृत्त होताना नोंद करून परत केलं. चुकांची वही आहे. माझ्या कपाटात दुसऱ्या खणात, उजव्या बाजूला. शेहेचाळीसाव्या पानावर नावाच्या रकान्यात माझं नाव आहे, चुकीच्या रकान्यात 'बाजूला बसून मोजले', उपायाच्या रकान्यात 'सोबत चालणे', आणि खाली, कोणी शिकवले या मी नव्याने आखलेल्या ओळीत, लिंबाजी, कौसल्या आणि वजीर.

तुमची,
आजी